साठी उलटलेल्या विमानाची रंगरंगोटी

“अहो वहिनी, नुसता रंग द्यायला 18 हजार डॉलर? तेवढ्यात आमची अख्खी चाळ आतून-बाहेरून रंगवून होईल, आणि वर सत्यनारायणही घालता येईल!”

माझी धाकटी जाऊ दादरहून फोनवर असे म्हणाली. मला हसू आले. कारण रंगाऱ्याचा अंदाजाचा कागद घरात आला त्या रात्री मी आमच्या ह्यांना अगदी हाच प्रश्न विचारला होता. घराचा रंग उडाला तर घर जुनाट दिसते, फार तर पावसाळ्यात भिंतीला ओल धरते. मग विमानाच्या रंगात असे कोणते सोने कालवतात? त्यानंतरचे चार महिने ह्या एका प्रश्नाचे उत्तर मिळवण्यात गेले. जावेला ते फोनवर सांगायचे तर रात्र सरली असती. म्हणून येथे सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. स्वतःचे विमान म्हटले की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांपुढे उद्योगपती उभे राहतात. आमचे विमान तसले नाही. आमचे तर ते पुरते विमानही नाही, अर्धे आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात विचिटा नावाचे गाव आहे. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही येथे येऊन राहिलो त्याला पुष्कळ वर्षे झाली. क्लाइड सेस्ना नावाच्या शेतकरी गृहस्थाने 1911 साली स्वतःचे पहिले विमान उडवले आणि 1927 मध्ये येथे कारखाना काढला. बीच आणि स्टिअरमन ही नावेही ह्याच गावची. त्यामुळे आपल्याकडे ओसरीवर सायकल उभी असावी इतक्या सहजपणे येथे काही लोकांची विमाने हँगरात उभी असतात. आमचे विमान सेस्ना 172 जातीचे, 1965 साली बांधलेले, चार आसनांचे आणि एका इंजिनाचे. ह्यांनी ते शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांच्या भागीत घेतले. हे गृहस्थ शाळेत गणित शिकवीत आणि उरलेल्या वेळात विमान चालवायला शिकवीत. त्याचा परवाना त्यांच्याकडे अजून आहे. आम्ही घरात त्यांना ‘मास्तर’च म्हणतो. दोघांत वाटून घेतल्यावर विमान साधारण एका चांगल्या मोटारीच्या भावात पडते. चैन आहे, नाही असे नाही. पण आमच्या ऐपतीतली चैन आहे.

सेस्ना 172 हे विमान 1956 पासून बाजारात आहे. मध्ये काही वर्षे उत्पादन बंद होते, तरीही आजवर 44,000 हून अधिक बांधली गेली. जगात दुसऱ्या कोणत्याही एका जातीची इतकी विमाने झालेली नाहीत. ह्या जातीची एक गोष्ट मला फार आवडते, आणि तिचा रंगाशी संबंधही आहे. 4 डिसेंबर 1958 रोजी लास व्हेगास येथून रॉबर्ट टिम आणि जॉन कुक हे दोघे असेच एक 172 घेऊन उडाले ते 64 दिवस आणि 22 तास खाली उतरलेच नाहीत. रस्त्यावरून धावणाऱ्या ट्रकमधून दोरीने जेवण वर घ्यायचे, नळीने पेट्रोल घ्यायचे आणि पुन्हा वर जायचे. आता ह्यांनी रात्रीतून गुपचूप कोठे उतरून पाय मोकळे केले नाहीत, हे ओळखायचे कसे? तर विमान उडाल्यावर ते जमिनीलगत आणून, खालून धावणाऱ्या मोटारीतून त्याच्या चाकांना पांढरा रंग फासला होता. चाक जमिनीला टेकले असते तर रंग घासला गेला असता. 7 फेब्रुवारी 1959 ला ते उतरले. ते विमान लास व्हेगासच्या विमानतळावर आजही टांगलेले आहे.

असो. आमच्या विमानाकडे वळते.

विमानाचे अंग ज्या पत्र्याचे असते तो पत्रा मी प्रथम हातात घेऊन पाहिला तेव्हा माझी छातीच दडपली. फरसाणाच्या डब्याचे झाकण त्याहून जाड वाटावे! अर्धा ते पाऊण मिलिमीटर, बस्स. ॲल्युमिनियममध्ये तांबे मिसळून तो बळकट केलेला असतो. पण तांबे घातले की बळ वाढते तसा गंजण्याचा धोकाही वाढतो. म्हणून ह्या पत्र्याच्या दोन्ही अंगांना निव्वळ ॲल्युमिनियमचा एक अगदी पातळ थर दिलेला असतो, जाडीच्या विसाव्या हिश्शाएवढा. आमचे मिस्त्री (विमानदुरुस्तीचा सरकारी परवाना असलेले हे साठीचे गृहस्थ, त्यांना मेकॅनिक म्हणावे तर मोटारगॅरेजची आठवण होते) हे मला समजावून सांगू लागले, तशी मी म्हटले, “म्हणजे कल्हई!” पितळेच्या पातेल्याला आतून कथलाची कल्हई असते, ती आहे तोवर आमटी कळकत नाही, ती गेली की पातेले तेच, पण त्यात ताक ठेवण्याची सोय राहत नाही. मिस्त्रींना कल्हई ठाऊक नव्हती. मी सगळे सांगितल्यावर ते म्हणाले, “बरोब्बर. आणि तुमच्या भांड्यांची कल्हई पुन्हा लावता येते. ह्या पत्र्याची एकदा घासून गेली की गेली.”

म्हणजे रंग हा त्या कल्हईवरचा पांघरुणाचा थर. आतून तर पुष्कळ ठिकाणी तोही नाही. त्या काळी साध्या विमानांना कारखान्यात आतल्या बाजूने अस्तर सरसकट देत नसत; पाण्यावर उतरणारे विमान असेल तर देत.

आणखी जुन्या विमानांत तर रंग हा पांघरुणाच्याही पलीकडचा असे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ विमान कापडाने मढवलेले होते. येथे अमेरिकेत पायपर कब नावाची पिवळीधमक विमाने अजून जागोजाग दिसतात, तीही तशीच. लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणायचे आणि त्यावर डोप नावाचा चिकट लेप हातावर हात द्यायचा. लेप वाळताना कापड आवळून तबल्याच्या पुडीसारखे ताठ होते. तेथे लेप नाही तर पंखच नाही!

आमच्या विमानाला रंगाची गरज का पडली? दोन वर्षांपासून डाव्या पंखावर, रिव्हेटांच्या रांगेजवळ, रंगाखालून बारीक नागमोडी रेघा उमटू लागल्या होत्या. अळीने पान पोखरावे तशा. हा एक प्रकारचा गंजच. रिव्हेटाच्या कडेने ओल आणि खार रंगाखाली शिरतो आणि धाग्यासारखा पुढे पुढे सरकत राहतो. कॅन्ससची हवा कोरडी. मग खार आला कोठून? विमानाबरोबर त्याच्या सर्व आयुष्याच्या नोंदवह्या मिळतात, जणू जन्मपत्रिका. त्या चाळल्यावर कळले की हे महाशय अकरा वर्षे फ्लोरिडात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उघड्यावर उभे होते. आम्ही मुंबईची माणसे! समुद्राच्या वाऱ्याने गॅलरीच्या गजांचे काय होते, ते आम्हाला कोणी सांगायला नको.

ह्याच वहीत एक ओळ होती: विमान रंगवले. कोणी, कसे, आधीचा रंग काढून की त्यावरच, ह्याचा पत्ता नाही. मिस्त्रींनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि ‘हं’ एवढेच म्हटले. त्या ‘हं’चा अर्थ पुढे कळला.

रंगाऱ्याने सुचवले की सुटे भाग काढणे आणि जुना रंग उतरवणे हे काम त्याच्या शेडमध्ये, त्याच्या देखरेखीखाली आम्ही स्वतः केले, तर अडीच हजार डॉलर कमी होतील. येथे मजुरी महाग, घरच्या माणसांचे हात फुकट. आम्ही चौघे, म्हणजे हे, मास्तर, आमची लेक आणि मी, दर शनिवार-रविवारी कामाला लागलो. लेकीचा त्यात स्वार्थ होता. अमेरिकेत सोळा वर्षे पूर्ण झाली की एकट्याने विमान चालवण्याची मुभा मिळते. तिला श्रावणात सोळा वर्षे पूर्ण होणार होती, आणि जावे तर आपल्याच विमानातून एकटे जावे, असा तिचा हट्ट होता.

माझ्याकडे स्क्रू होते. विमानाला स्क्रू किती असतात ह्याची मला कल्पना नव्हती. चाकांवरच्या टोप्या, पंखांची टोके, तपासणीची झाकणे, सगळ्यांचे निरनिराळ्या लांबीचे स्क्रू. मी घरचे फराळाचे डबे आणि मसाल्याचे दोन डबे नेले आणि प्रत्येक वाटीवर चिठ्ठी चिकटवली: ‘डावा पंख, टोक, वरची ओळ’. सगळे मराठीत. मिस्त्री म्हणाले, “बाई, हे मला वाचता यायचं नाही.” मी म्हटले, “म्हणूनच ते कोणी हलवणार नाही.”

रंग उतरवण्याचे औषध म्हणजे घट्ट खळीसारखा लगदा. तो ब्रशाने थापायचा, वर प्लास्टिकचा कागद झाकायचा आणि वाट पाहायची. पूर्वी ह्यात मिथिलीन क्लोराइड असे. ते रंग झटपट फुगवी, पण त्याच्या वाफांनी बंद जागेत काम करणारी माणसे दगावली. 2019 मध्ये अमेरिकन सरकारने घरगुती गिऱ्हाइकाला तसले औषध विकण्यास बंदी केली. आमच्या रंगाऱ्याकडचे औषध सौम्य होते, म्हणजे कामाला दुप्पट वेळ. तेही काचेला लागता कामा नये, कारण विमानाच्या काचा काचेच्या नसतातच. ॲक्रिलिकच्या असतात, आणि औषधाने त्या तडकतात. पंखांची फायबरची टोके विरघळतात. पत्र्यावर पत्रा चढतो त्या सांध्यात औषध शिरले तर सहा महिन्यांनी नव्या रंगाखालून फोड येतात. म्हणून आधी सगळ्या फटींवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवायची. आणि घासायला लोखंडी काथ्या अजिबात नाही! त्याचे कण पत्र्यात रुततात आणि दोन धातूंचे भांडण लागून तेथेच गंज धरतो. घरी तारेच्या घासणीने ॲल्युमिनियमची पातेली उजळवण्यात जन्म गेलेल्या बायकांना हे ऐकून काय वाटेल!

रंग पापुद्र्यापापुद्र्याने निघू लागला तशी मौज वाटू लागली. वरचा करडा थर गेला, त्याखाली मळकट पांढरा. त्याखाली चॉकलेटी पट्टे आणि सगळ्यात खाली कारखान्याचा मूळचा पांढरा रंग आणि निळी पट्टी. कोणीही आधीचा थर काढण्याची तसदी घेतली नव्हती. भिंतीवर चुन्याचे हात चढवत जावे तसे थरावर थर!

येथे जाऊबाई म्हणेल, चढवले तर काय झाले? तर रंगाला वजन असते. ह्या बाबतीत मोठमोठ्यांनी हात टेकले आहेत. अमेरिकेचे स्पेस शटल 1981 साली पहिल्या दोन वेळा उडाले तेव्हा त्याची इंधनाची अजस्र टाकी पांढऱ्या रंगाने रंगवलेली होती. तिसऱ्या वेळेपासून रंग देणेच सोडले आणि पावणेतीनशे किलोंच्या आसपास वजन वाचले. नंतरच्या छायाचित्रांत ती टाकी विटकरी दिसते, तो रंग नव्हे, तिचे उघडे अंग आहे. अमेरिकन एअरलाइन्सची विमाने कित्येक वर्षे नुसत्या चकचकीत पत्र्याने फिरत. आमच्या विमानाची माणसे, सामान आणि पेट्रोल ह्यांसकट एकंदर मर्यादा 2300 पौंडांची. त्यात चार पिढ्यांचा रंग.

पण खरा प्रश्न सगळ्या विमानाच्या वजनाचा नव्हताच. प्रश्न होता दोन फळ्यांच्या वजनाचा.

पंखाच्या मागच्या कडेला, टोकाकडे, बिजागरीवर खालीवर होणारी एक फळी असते. तिला एलेरॉन म्हणतात. विमान डावी-उजवीकडे कलते ते हिच्यामुळे. ही फळी बिजागरीच्या मागे जड असून चालत नाही. समजा, वाऱ्याच्या झटक्याने पंख किंचित वर उचलला गेला. फळीचा मागचा भाग जड असेल तर तो मागे राहतो, म्हणजे फळी खाली लवते. फळी खाली लवली की पंख आणखी वर ढकलला जातो. मग पंख उसळी घेऊन खाली येतो, तेव्हा तेच उलट. वेग पुरेसा असेल तर वाराच ह्या झोक्याला धक्के देत राहतो. पाळण्याला योग्य क्षणी धक्का दिला की तो चढत जातो, तसे. इंग्रजीत ह्याला फ्लटर म्हणतात, आपण फडफड म्हणू. पण ही फडफड काही क्षणांत पंख मोडू शकते. तिला आवरण्यासाठी फळीच्या पुढच्या कडेत, बिजागरीच्या पुढे, शिशाची वजने बसवलेली असतात. तो तोल आउंसांच्या हिशेबातला असतो. आणि रंग, तो तर सगळा बिजागरीच्या मागेच चढतो, कारण फळीचे बहुतेक अंग तिकडेच असते!

अमेरिकेचा विमानविषयक कायदा ह्या बाबतीत मोठा मार्मिक आहे. वैमानिक मालकाला आपल्या विमानाचे अंग, पंख आणि शेपटी स्वतःच्या हाताने रंगवण्याची मोकळीक तो देतो; पण लगेच कंसात म्हणतो, तोल साधलेल्या हलत्या फळ्या वगळून. 18 हजारांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला त्या कंसात सापडले.

मिस्त्रींनी दोन्ही एलेरॉन रंग काढण्यापूर्वीच उतरवून घेतले होते. सुरीच्या धारेसारख्या दोन आधारांवर बिजागरीची रेघ ठेवायची आणि मागची कड किती वजनाने खाली जाते ते मोजायचे. उजवा एलेरॉन मर्यादेच्या काठावर निघाला. डावा मर्यादेच्या पुष्कळ बाहेर होता.

“चार थर रंग दोघांवरही आहे,” मिस्त्री म्हणाले, “मग डावाच का?”

उत्तर औषधाखाली सापडले. डाव्या फळीच्या मागच्या कडेजवळ, नालीदार पत्र्यावर गारांनी पोचे पडले होते. पूर्वीच्या कोणा रंगाऱ्याने ते ठोकून न काढता त्यांत लांबी भरली होती. सुतार लाकडाच्या भेगेत भरतो तशी. वर रंग चढवला की कोणाला काय दिसणार! लांबीचे वजन नेमके जेथे नको तेथे, अगदी मागच्या कडेला. ती खरवडली तेव्हा खालचा पत्रा पांढऱ्या भुकटीने भरलेला होता आणि टोचणीला दोन ठिकाणी आरपार गेला.

ह्याच विमानातून आम्ही कोलोराडोला जाऊन आलो होतो. लेक मागच्या आसनावर झोपली होती. मी ह्यांच्याकडे पाहिले, ह्यांनी माझ्याकडे पाहिले; कोणी काही बोलले नाही.

त्या रात्री आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बैठक बसली. फळीचा पत्रा बदलून, रिव्हेटा मारून, पुन्हा तोल साधून देण्याचा खर्च 3200 डॉलर. अंदाजाच्या बाहेरचा. मास्तर बराच वेळ गप्प होते. मग ते म्हणाले, “माझ्या वाट्याचे सोळाशे ह्या वर्षी निघणार नाहीत. घरात आजारपण झालं, तुम्हाला माहीत आहे. मी माझा अर्धा हिस्सा विकायला काढतो. नाही तरी आता शहात्तरावं लागलं मला, किती वर्षं उडणार?”

हे एकदम म्हणाले, “मग आपण सगळंच विकू. आहे तसं, उघड्या पत्र्यानिशी. घेणारा काय ते बघेल.”

लेकीच्या डोळ्यांत पाणी आले. मला मात्र राग आला. घेणारा काय ते बघेल! पूर्वीच्या कोणी तरी असेच म्हणून लांबी भरली होती आणि घेणारे आम्ही निघालो होतो. घरचा हिशेब मी ठेवते. स्वयंपाकघराचा ओटा नवा करण्यासाठी बाजूला टाकलेले पैसे होते. मी म्हटले, “अहो, ओटा अजून दोन वर्षं चालेल. मास्तरांचे सोळाशे मी घालते. पण फुकट नाही. मास्तर, तुम्ही तासाला काय घेता?” ते म्हणाले, “हल्ली पन्नास.” सोळाशेला पन्नासाने भागले की बत्तीस. बत्तीस तास त्यांनी लेकीला शिकवायचे. गणिताच्या मास्तरांना हिशेब पटायला वेळ लागला नाही. मात्र त्यांनी एक अट घातली: पैशाच्या मोबदल्यात तास, पण एकटीने कधी जायचे ते मी ठरवणार, आईबापांनी नाही. ते कबूल केले.

पुढचे काम झपाट्याने झाले. उघडा पत्रा आम्लाच्या पातळ पाण्याने धुतला, मग क्रोमियमयुक्त द्रावणाचा हात दिला. त्याने पत्र्याला हळदीचा हात फिरवल्यासारखी सोनेरी झाक येते आणि रंग धरून ठेवण्याची शक्ती येते. त्यावर इपॉक्सीचे अस्तर आणि शेवटी पॉलियुरेथेनचा रंग. त्याच्या फवाऱ्यात आयसोसायनेट असते. ते छातीत गेले तर जन्माचा दमा लागू शकतो. म्हणून रंगारी डोक्यावर टोप घालून, बाहेरून नळीने येणारी हवा घेत काम करतो. आम्हाला त्या खोलीच्या दाराशीसुद्धा उभे राहू देत नव्हते. रंग कोणता, ह्यावर घरात तीन दिवस वाद झाला. तो येथे सांगण्यासारखा नाही. शेवटी पांढरा आणि 1965 सालची निळी पट्टी ठरली.

आता एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, चिकटपट्टीची. फवारण्यापूर्वी काचा, चाके आणि लहान-मोठी छिद्रे पट्टी लावून झाकतात. विमानाच्या अंगावर एक बारीकसे छिद्र असते, त्यातून बाहेरच्या हवेचा दाब आत जातो आणि त्यावरून उंची व वेग दाखवणारी यंत्रे चालतात. 2 ऑक्टोबर 1996 च्या रात्री पेरू देशातल्या लिमा शहरातून एक बोइंग 757 उडाले. विमान धुताना त्या छिद्रांवर लावलेली पट्टी काढायची राहिली होती. काळोखात, समुद्रावर, उंचीही खोटी आणि वेगही खोटा. विमान पाण्यात कोसळले आणि आतली सत्तरच्या सत्तर माणसे गेली.

ही हकीकत वाचल्यावर मी रंगाऱ्याकडे एक वही ठेवली. प्रत्येक पट्टी लावली की तिला नंबर, आणि काढली की तोच तुकडा वहीच्या पानावर चिकटवायचा. रंगारी पहिल्यांदा हसला. एकशे बारा तुकडे लावले. काढले तेव्हा एकशे अकरा भरले. दीड तास शोधले. एकशे बारावा पंखाखाली निघाला, पाणी निथळून जाण्याचे जे छिद्र असते त्यावर, पांढऱ्यावर पांढरा. तेथे पाणी साठले असते तर आतून गंज आणि हिवाळ्यात बर्फ. आता तो रंगारी दुसऱ्या विमानांनाही वही ठेवतो असे ऐकते.

रंग वाळल्यावर मिस्त्रींनी दोन्ही एलेरॉन आणि शेपटीच्या फळ्या पुन्हा धारेवर ठेवल्या. डाव्याला नवा पत्रा, नवा रंग. पुढच्या कडेत थोडे शिसे वाढवावे लागले. तोल मर्यादेत आला तेव्हा त्यांनी आकडे नोंदवहीत लिहिले: कोणती फळी, किती तोल, कोणता रंग, किती हात, खाली सही आणि परवान्याचा क्रमांक. जुन्या ‘विमान रंगवले’ ह्या एका ओळीच्या जागी पाऊण पान भरले. मग पेट्रोलच्या झाकणांवरच्या आणि इतर सक्तीच्या सूचनांच्या पट्ट्या लागल्या, नोंदणीचा क्रमांक बारा इंची अक्षरांत आला, आणि विमान तीन काट्यांवर चढवून तोलले. आधीच्या वजनापेक्षा 19 पौंड कमी भरले. म्हणजे तीन गॅलनांहून थोडे अधिक पेट्रोल, म्हणजे आणखी वीस-बावीस मिनिटे हवेत.

पहिले उड्डाण मास्तरांनी एकट्याने केले. खाली आल्यावर ते म्हणाले, “हात सोडला तरी सरळ जातं.” एवढीच त्यांची प्रशस्ती.

जावेसाठी हिशेब देऊन टाकते. मूळ अंदाज 18,000. आमच्या मजुरीचे वजा 2,500. डाव्या एलेरॉनचे 3,200. रबरी पट्ट्या आणि नवे स्क्रू 340. एकूण 19,040 डॉलर. ओटा जुनाच आहे.

गेल्या शनिवारी मास्तरांनी लेकीला तीन चकरा एकटीने मारू दिल्या. आम्हाला आधी सांगितले नव्हते. अट होती तशी. मी कुंपणापाशी उभी होते आणि विमान वळले की डाव्या पंखाच्या मागच्या कडेकडे पाहत होते. चौदा तास झाले आहेत. मास्तरांच्या खात्यावर अजून अठरा बाकी आहेत.